पेट्रोल महाग, म्हणून तेल कंपनीचा शेअर घ्यावा का?

चिचगडच्या आसपास धान कापणी सुरू झाली की डिझेलच्या भावाची चर्चा हमखास होते. हल्ली तिला जोडून दुसरा प्रश्न येतो: "सर, तेल एवढं महाग, म्हणजे कंपनी भरपूर कमावत असणार. शेअर घेऊन ठेवू का?" मोबाईलवर डिमॅट खातं उघडता येतं, त्यामुळे हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. पण पैसा मुलीच्या कॉलेजसाठी किंवा हजसाठी जमवलेला असेल, तर कंपनी नेमकी कुठे कमावते हे आधी समजून घ्यायला हवं.

आपल्या गोंदियाच्या माणसाला हे धानावरून पटकन कळेल. धानाचा भाव चढला की शेतकरी खुश, राईस मिलवाला चिंतेत. तांदूळ तेवढाच महाग विकता आला तरच तो वाचतो. ज्याच्याकडे शेत, मिल आणि दुकान तिन्ही आहेत, त्याचं एकीकडचं नुकसान दुसरीकडे भरून निघतं. तेलात अशा कंपनीला एकात्मिक म्हणतात: विहीर, रिफायनरी आणि पंप, सगळं एकाच घरात.

आपल्याकडे ओएनजीसीचं उदाहरण घ्या. 1974 मध्ये तिला मुंबई हायचं तेल सापडलं. जानेवारी 2018 मध्ये तिने एचपीसीएलचा 51.11 टक्के हिस्सा सरकारकडून 36,915 कोटी रुपयांना घेतला आणि साखळी पंपापर्यंत पोहोचली. पैसा सरकारच्या तिजोरीत गेला, त्यासाठी कर्ज मात्र ओएनजीसीने काढलं. मोठा मालक सरकार असेल तर निर्णय कुणाच्या गरजेने होतात, ते इथे दिसतं.

खरी परीक्षा 2022 मध्ये झाली. युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल बॅरलला 100 डॉलरच्या वर गेलं, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर सरकारी कंपन्यांनी पंपावरचे आपले दर वाढवले नाहीत. एप्रिल ते जून या तीनच महिन्यांत एचपीसीएलला 10,197 कोटी आणि बीपीसीएलला 6,263 कोटींचा तोटा झाला. म्हणजे तेल महाग आणि पंपवाली कंपनी खड्ड्यात! मग विहिरीवाल्याची चांदी झाली असेल? तर 1 जुलै 2022 ला सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे 23,250 रुपये जादा कर लावला. तो वरखाली होत राहिला आणि डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला.

पुढे कच्चं तेल उतरलं, पंपाचे दर तिथेच राहिले, आणि 2023-24 मध्ये बीपीसीएलचा नफा 26,673 कोटींवर गेला. अशा वर्षाचा नफा धरून हिशेब केला की शेअर फार स्वस्त दिसतो. व्हॉट्सॲपवरच्या टिपा नेमक्या अशाच वेळी येतात. माझ्या मते तोट्याचं वर्ष धरून निदान सात वर्षांची सरासरी काढावी. डिव्हिडंडचंही तसंच, मागच्या वर्षी मिळाला म्हणून यंदा मिळेलच असं नाही.

आता हलाल-हरामचा मुद्दा. तेलाचा धंदा जायज आहे, अडचण सुदाची. आयोफीच्या प्रचलित निकषानुसार सुदी कर्ज बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांच्या आत आणि नाजायज उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या आत असावं. त्या उत्पन्नातला आपल्या वाट्याचा भाग सवाबची नियत न करता गरिबाला द्यायचा असतो. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत, म्हणून आपल्या मुफ्तींना विचारा. पण आकडे घेऊन जा. शेअर पडला की बाजारमूल्य घटतं आणि कर्ज तेवढंच असूनही कंपनी निकषाबाहेर जाऊ शकते, म्हणून ही तपासणी दरवर्षी करावी लागते.

आकडे वार्षिक अहवालात असतात आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. ताळेबंद दोन असतात, स्वतंत्र आणि एकत्रित. एकत्रितच पाहा, कारण ओएनजीसीच्या एकत्रित ताळेबंदात एचपीसीएलचं कर्जही येतं. लांब मुदतीचं आणि कमी मुदतीचं कर्ज वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज करायची. सुदाची कमाई ‘इतर उत्पन्न’ या मथळ्याखाली आणि तिचा तपशील मागच्या टिपांमध्ये सापडेल.