परसबागेत कुदळ केव्हा घालावी, केव्हा ठेवून द्यावी



सातपूर शिवारातील पुष्कळ जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. कित्येकांच्या घराभोवती आता गुंठा-दीड गुंठाच उरला आहे. "ही माती दर हंगामाला खणायची की नाही?" असे आम्हांस वारंवार विचारले जाते.

उसाचा खोडवा ठेवताना आपण शेत नांगरून काढीत नाही. तोच विचार परसबागेस लागू पडतो. माती उलथली की आत हवा शिरते आणि जिवाणू सेंद्रिय कर्ब झपाट्याने खाऊन टाकतात. पहिले पीक जोमात येते खरे, पण ते जमिनीची पुंजी मोडून आलेले असते. शिवाय गांडुळांची बिळे मोडतात, खाली दडलेले तणाचे बी वर येते. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर हे नांगरणीशिवाय शेतीचे पुरस्कर्ते. आधीच्या पिकाची मुळे जागीच कुजू द्यावीत, तेच उत्तम खत, असे त्यांचे सांगणे आहे.

मात्र सरसकट नियम नको. आधी जमीन पाहावी. विटा-मुरुमाची भर असेल तर एकदाच फूटभर खणून, खडे वेचून शेणखत मिसळावे. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर गादीवाफे करावेत. हरळी-लव्हाळा असल्यास काश्या व गाठी वेचून काढाव्यात. नुसत्या आच्छादनाने ते मरत नाहीत. एवढे झाले की कुदळ ठेवून द्यावी.

पुढे रीत अशी:

१) वाफा तीन फूट रुंद ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. वाफ्यात पाय देऊ नये.
२) पीक निघाल्यावर झाड उपटू नये, जमिनीलगत कापावे. मर किंवा सूत्रकृमी लागलेले झाड मात्र मुळासकट काढावे.
३) वर दोन बोटे कुजलेले खत व त्यावर चार बोटे पाचट पसरावे. ताजे पाचट मातीत गाडू नये. कुजताना ते पिकाचे नत्र ओढून घेते.
४) रोप लावताना पाचट बाजूला सारावे, बुंध्याला भिडवू नये. पावसाळ्यात थर पातळ ठेवावा, नाही तर गोगलगायी होतात.

हेक्टरी आठ ते दहा टन पाचट उसातून निघते. ते पेटवून देण्यापेक्षा शेतात आच्छादन करावे आणि दोन-चार भारे घरी आणावेत.

फरक दिसायला दोन-तीन वर्षे लागतात. खात्री नसेल त्यांनी अर्धा वाफा खणावा, अर्धा तसाच ठेवावा. पाणी दिल्यावर चौथ्या दिवशी दोन्हीकडची मूठभर माती दाबून पाहावी. ओल कुठे टिकली, ते हाताला कळेल.