चाचणी करणाऱ्या यंत्राची चाचणी कोण करतो?

अहमदपूरच्या बाजारात सोयाबीनचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले की आकडा दिसतो आणि त्यावरून शेतकऱ्याची पट्टी बनते. शेजारी मोबाइल वाजला किंवा वॉकीटॉकी सुरू झाला, तरी तो आकडा हलता कामा नये. उपकरणाने इतरांना त्रास देऊ नये आणि इतरांचा त्रास सहन करावा, या गुणाला विद्युतचुंबकीय सुसंगतता म्हणजेच ईएमसी म्हणतात.

चाचणी कशी होते?

काट्यांसाठीच्या ‘ओआयएमएल आर ७६’ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत ही चाचणी आहे. बंद कक्षात काटा ठेवून अँटेनातून त्यावर रेडिओलहरी सोडतात. लहरींची तीव्रता १० व्होल्ट प्रति मीटर असते. वजनातला फरक काट्याच्या एका पडताळणी-भागापेक्षा जास्त नसावा. तसा झालाच, तर काट्याने तो ओळखून इशारा द्यावा.

मोजणारेच चुकले तर?

ही तीव्रता मोजतो फील्ड प्रोब. त्यात ६ डेसिबलची चूक असेल, तर पडद्यावर १० दिसतील आणि प्रत्यक्षात ५ व्होल्टच असतील. काटा अर्ध्या परीक्षेत ‘पास’ होईल आणि बाजारात चुकेल. उलट चूक झाली, तर चांगला काटा नापास होऊन लहान उत्पादकाचा खर्च वाया जाईल.

कॅलिब्रेशन म्हणजे काय?

उपकरणाचे माप त्याहून अचूक मानकाशी ताडून पाहणे म्हणजे कॅलिब्रेशन. ही दुरुस्ती नव्हे. उपकरण किती चुकते, हे त्यातून कळते. अँटेनाचा गुणांक प्रत्येक वारंवारतेला वेगळा असतो, म्हणून तो अनेक ठिकाणी मोजतात. स्थिर विजेचा झटका देणाऱ्या ‘गन’मधून ४ किलोव्होल्टच्या थेट स्पर्शाला पहिला प्रवाह सुमारे १५ अँपिअर यावा लागतो. तो पडद्यावरच्या व्होल्टेजवरून कळत नाही. वेगवान ऑसिलोस्कोपवर पाहावा लागतो.

विश्वास कुठून येतो?

भारतात मापांची ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. प्रयोगशाळांची क्षमता ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ मानकानुसार एनएबीएल तपासते. महाराष्ट्रात वाहनांच्या ईएमसी चाचण्या पुण्याची एआरएआय करते. ‘समीर’ची ईएमसी प्रयोगशाळा खारघरला आहे. अशा प्रयोगशाळांनाही आपली उपकरणे ठरावीक काळाने कॅलिब्रेट करावी लागतात.

प्रमाणपत्रात काय पाहावे?

नुसता शिक्का पुरेसा नाही. वारंवारतेचा पल्ला, आढळलेली चूक, मापनाची अनिश्चितता आणि तारीख पाहावी. ते काम प्रयोगशाळेच्या एनएबीएल मान्यतेच्या कक्षेत येते का, हेही तपासावे. आढळलेली चूक पुढच्या चाचणीच्या हिशेबात धरली नाही, तर प्रमाणपत्र फाइलीतच राहते आणि काट्याची परीक्षा पुन्हा अर्धवट होते.