घराचे शास्त्र



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने जीवसृष्टीविषयी बोलायचे, तर त्याने शब्दांपासूनच आरंभ करावा. ‘पर्यावरण’ या शब्दाची फोड परि आणि आवरण अशी होते. आपण मध्यभागी आणि हवा, पाणी, झाडेझुडे ही आपल्याभोवतीची आवरणे, असा ग्रह त्यातून नकळत होतो. अर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली या विद्येला ‘इकॉलॉजी’ हे नाव दिले, ते ‘ओइकोस’ म्हणजे घर या ग्रीक शब्दावरून. घरात प्रत्येक जण काही घेतो, काही देतो. ही कल्पना मला अधिक मोलाची वाटते.

या घराचा व्यवहार आपल्या सिरपूर तलावावर दिसतो. शेवाळ व पाणवनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात, त्या उत्पादक. त्यांवर जगणारे कीटक व मासे, आणि मासे टिपणारे बगळे, हे भक्षक. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ऊर्जेचा साधारणपणे दहावा हिस्साच पोचतो. म्हणून मासे पुष्कळ आणि बगळे मोजके. खर्चलेली ऊर्जा परत येत नाही. तिच्यासाठी सूर्य रोज उगवावा लागतो. नत्र, स्फुरद, पालाश यांचा साठा मात्र मर्यादित असतो. तो पुन:पुन्हा फिरवावा लागतो. हे काम बुरशी आणि जीवाणू या विघटकांचे.

या दुर्लक्षित कुटुंबीयांचे मोल जगाला पटवून देण्यात इंदूरचा मोठा वाटा आहे. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅन्ट इंडस्ट्री’मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची ‘इंदूर पद्धती’ सिद्ध केली. १९३१ साली तिच्यावर जो ग्रंथ निघाला, त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचून त्यांवर पाणी शिंपडत. ढीग तीनदा वरखाली केला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

या ढिगात परिसंस्थेचे मर्म आहे. जीवाणूंच्या श्वसनानेच ढीग तापतो. त्या उष्णतेत पहिले जीव मागे पडतात आणि उष्णता सोसणारे पुढे येतात. जीव परिसर बदलतात आणि बदललेला परिसर जीवांची निवड करतो. नुसत्या काडीकचऱ्यात नत्र अपुरे पडून काम रेंगाळते. हवा कोंडली तर दुर्गंधी सुटते.

तोच पाला, तेच खरकटे कान्ह नदीत पडले तर काय होते? विघटक तेथेही आपले काम करतातच. पण ते करताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. जे जमिनीला अन्न, तेच नदीला विष ठरते. कान्हचे पाणी पुढे क्षिप्रेला मिळते. म्हणजे आपल्या घरातील घाण आपण शेजारच्या उज्जैनच्या अंगणात लोटतो.

२०२२ साली देवगुराडिया येथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. इंदूरकरांनी घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला, म्हणूनच असे प्रकल्प चालू शकतात. तथापि, कचरा दारातून उचलला गेला एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. वायू काढल्यावर उरलेले खत माळव्याच्या काळ्या मातीत पोचेल, तेव्हाच शेतातून आलेले शेताला परत मिळेल.

शाळेच्या आवारातही पाला गळतो. तो पेटवला तर त्यातील बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते आणि मागे मूठभर राख उरते. त्यापेक्षा विद्यार्थ्यांनी एक उथळ खड्डा खणावा, वाड आणि हॉवर्ड यांच्या रीतीने थर रचावेत आणि तीन महिने त्यातील बदलांची नोंद ठेवावी. या घराचे शास्त्र शिकण्याचा याहून सोपा पाठ मला ठाऊक नाही.