एकच पाणी, तीन हिशेब

शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस परिसरात मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते. भीमेच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. वरच्या अंगाला पुणे शहर खडकवासला धरणसाखळीतून पिण्याचे पाणी घेते. त्याच साखळीतून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड, इंदापूर असा जातो. या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३० कोटी लिटर. पाऊस कमी पडला की प्रश्न उभा राहतो : आधी शहर की आधी शेत?

शहराने वापरलेले साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे, असे ठरले. त्यासाठी मुंढव्याला पंप बसवून ते पाणी जुन्या कालव्यात सोडण्याची सोय झाली. तरीही वाद राहिला. का बरे? शहर मोजते उचललेले पाणी. कालव्याच्या टेलचा शेतकरी मोजतो हाती आलेली आवर्तने. एक चुकले तर त्याचे उभे पीक जाते. नदीकाठचा शेतकरी पाहतो पाण्याचा वास आणि रंग. तिघांचेही मोजणे खरे आहे, पण ते एका कागदावर येत नाही.

अशा वेळी विद्यापीठाचा उपयोग होतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात पोर्टलंड स्टेट विद्यापीठात सार्वजनिक तंटे सामोपचाराने सोडवण्याचे केंद्रच आहे. या कामाची रीत साधी आहे. प्रथम प्रत्येक पक्षाला स्वतंत्रपणे भेटून त्याची अडचण ऐकायची. मग काय मोजायचे, कोठे व कोणी, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. याला ‘संयुक्त तथ्यशोधन’ म्हणता येईल. आकडे सर्वांना मान्य झाले की मगच पर्यायांची चर्चा. निर्णय मात्र लोकांचा आणि शासनाचा. विद्यापीठाला पाण्यात वाटा नको असतो, आणि जलशास्त्र, शेती, कायदा जाणणारी माणसे तेथे एकत्र मिळतात. मात्र खर्च कोण करतो, हे आधीच उघड सांगावे लागते. नाहीतर विश्वास बसत नाही.

भीमा खोऱ्यातही या दिशेने एक पाऊल पडले. स्टॅनफर्ड विद्यापीठ, लाइपझिगचे हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्र व ऑस्ट्रियातील संस्थांनी पाणी, शेती आणि वीज यांच्याशी संबंधित लोकांच्या अडचणी त्यांच्याकडूनच समजून घेतल्या. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. तो संशोधनाचा प्रकल्प होता, तडजोड घडवण्याचा नव्हे. ते पुढचे काम जवळच्या विद्यापीठांनी हाती घेण्याजोगे आहे.

आपल्या शाळेतही याची सुरुवात करता येईल. नदीच्या दोन्ही काठांवरील एकेका शाळेने काही विहिरी निवडाव्यात. दोराला खुणा करून, महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी व वेळी पाण्याची पातळी मोजावी. पद्धत दोघांनी आधी मिळून ठरवावी आणि नोंदी एकाच वहीत लिहाव्यात. वर्षाअखेरीस ती वही दोन्ही गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी.