नवी नोकरी आणि घराचे कर्ज

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दोन्ही कामांत पैसा किती लागतो आणि दमछाक किती होते, ते करणाऱ्यालाच कळते.

समजा, पारोळ्याकडच्या एका गावातला मुलगा जळगावच्या कारखान्यात नोकरीला लागला. पगार हातात २४,००० रुपये. दोनच महिने झाले आहेत. तो सणाला घरी येतो आणि म्हणतो,

“आबा, जळगावात एक लहानसं घर पाहिलंय. बारा लाख म्हणतात. बँक कर्ज देते. वरचे दोन लाख आपण उभे करू.”

“उभे कुठून करायचे रे? कापसाचं शेत सावकाराकडे ठेवू का?”

आबांच्या या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर आधी काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

बँक काय पाहते?

घराच्या कर्जात घरच बँकेकडे गहाण राहते. घराचे मूळ कागद बँक ठेवून घेते. मग बँकेला पगाराची चौकशी कशाला? कारण बँकेला घर नको असते, हप्ता हवा असतो. हप्ता पगारातून येतो. म्हणून पगार टिकेल का, हे ती आधी पाहते.

नव्या नोकरीत पहिले सहा महिने किंवा वर्षभर माणसाचे काम पारखतात. त्याला प्रोबेशन म्हणतात. त्या काळात नोकरी सहज सुटू शकते. म्हणून काही बँका अशा माणसाला ‘कायम झाल्यावर या’ असे सांगतात. काही बँका लवकरही कर्ज देतात. सरकारी किंवा रेल्वेची नोकरी असेल, किंवा त्याच कामाचा आधीचा अनुभव असेल, तर काम सोपे होते. सर्व बँकांचा नियम एक नसतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावे.

बँक नेमणुकीचा हुकूम, पगाराच्या चिठ्ठ्या आणि पगार जमा होतो त्या खात्याचा उतारा मागते. पगार रोख घेत असाल, तर तो खात्यात जमा करवून घ्या. कोणी दलाल म्हणेल, “जुन्या तारखेचं पत्र आणून देतो.” त्याच्या नादी लागू नका. खोटा कागद दिला तर गुन्हा तुमच्याही माथी बसतो.

मागची उधारीही बँक पाहते. मोटारसायकलचे हप्ते वेळेवर भरले की चुकवले, याची नोंद राहते. त्या नोंदीवरून ३०० ते ९०० पर्यंत गुण मिळतात. आपली नोंद वर्षातून एकदा फुकट पाहता येते.

हिशेब करून पाहू

सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत, अशी रीत आहे. २४,००० चे निम्मे १२,०००. मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता ३,००० आहे. उरले ९,०००.

आता दहा लाखांचे कर्ज, व्याज समजा ९ टक्के, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ९,००० रुपये येतो. म्हणजे कर्ज जेमतेम बसते. पण वीस वर्षांत एकूण भरणा किती? सुमारे २१ लाख ६० हजार! पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते फक्त दीड हजार.

हेच कर्ज १५ वर्षांचे केले, तर हप्ता सुमारे १०,१५० होतो आणि एकूण भरणा सुमारे १८ लाख २६ हजार. महिन्याला साडेअकराशे जास्त भरले, तर तीन लाखांच्या वर पैसे वाचतात. व्याजाचा दर बदलता असेल, तर पुढे हप्ता किंवा मुदत वाढू शकते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र अशा बदलत्या दराच्या घरकर्जात, हाताशी पैसे आल्यावर कर्ज मुदतीआधी फेडले तर बँकेला दंड घेता येत नाही.

बँक घराची सगळी किंमत देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात फार तर किमतीच्या ९० टक्के देता येतात. बाकीचे आपले. शिवाय मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

शेत गहाण ठेवावे का?

आमचे स्पष्ट मत आहे, ठेवू नये. घराचा हप्ता आणि सावकाराचे व्याज, दोन्ही एकाच पगारावर! नोकरी गेली तर घर जाईल आणि शेतही जाईल. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी अडलेला माणूस फसतोच.

मग करायचे काय? हप्त्याची तालीम करायची. नोकरी कायम होईपर्यंत दरमहा ९,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे. तेवढ्यात घर चालते का, ते कळेल. चालले, तर वर्षभरात १,०८,००० रुपये जमतील. दोन लाखांतला निम्म्याहून जास्त वाटा तिथेच उभा राहिला. नाही चालले, तर कर्जाच्या आधीच डोळे उघडले. जागा हातची जाईल ही भीती खरी आहे. पण एक जागा गेली तर दुसरी मिळते. गेलेले शेत परत मिळत नाही.

इसार देण्याआधी

घराचे कागद वकिलाला दाखवा. जमीन बिनशेती झाली आहे का? विकणाऱ्याचे नाव उताऱ्यावर आहे का? भाऊबंदांचा, बहिणींचा हिस्सा राहिला आहे का? गावठाणातील घर असेल, तर मिळकत पत्रिका पाहा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. कोऱ्या कागदावर सही करू नका. कोणाला जामीन राहायचे असेल, तर तो हप्ता आपल्यालाही भरावा लागू शकतो, हे समजून राहा.

कर्ज फिटले की मूळ कागद परत घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे बँकेने ते तीस दिवसांत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

१८७५ साली पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले होते. त्यांतल्या बहुतेकांना रोख्यावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. अंगठा उठवला आणि शेत गेले, असे कित्येकांचे झाले. आज आपल्याला वाचता येते. तेव्हा बँकेच्या कागदावर सही करण्याआधी तो घरी आणावा, मुलाने आणि आबांनी मिळून वाचावा, न समजेल ते विचारावे. साहेब घाई करील; आपण करू नये.