रेंज वाढवायची? मग पॉवर वाढवू की अँटेना बदलू?

वायफायच्या काड्या चांगल्या दिसतायत, पण व्हॉट्सॲपवर फोटो काही केल्या जात नाही. असं का होतं? याचं एक कारण असं, की काड्या फक्त राउटरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती पोहोचतोय तेवढंच सांगतात. तुमचा फोन राउटरला ऐकू येतोय का, हे त्या सांगत नाहीत.

फोनची बॅटरी ती केवढी! 4जीवर बहुतेक फोन जास्तीत जास्त 0.2 वॅटने सिग्नल पाठवतात. टॉवर कित्येक वॅटने. वायफायमध्येही फोन सहसा राउटरपेक्षा हळूच बोलतो. त्यामुळे नुसती राउटरची पॉवर वाढवली, तर तो जोरात ओरडेल खरा, पण तुमचं उत्तर त्याला आधीइतकंच पुसट ऐकू येणार.

त्यात पॉवरचा हिशोब महागडा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट करायचं तर पॉवर चौपट लागते, म्हणजे 100 मिलीवॅटचे थेट 400. मध्ये भिंती आल्या की त्याहून जास्त. शिवाय कायदा आहेच: आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झवर विनापरवाना 1 वॅटपर्यंत, आणि अँटेनाचा फायदा धरून 4 वॅटपर्यंतच मुभा आहे.

अँटेनाचं तसं नाही. तो बोलतानाही उपयोगी पडतो आणि ऐकतानाही. 6 डीबीआयचा अँटेना, सगळीकडे सारखा सिग्नल फेकणाऱ्या (कागदावरच्या) अँटेनाच्या तुलनेत, आपल्या दिशेला चौपट जोर देतो आणि त्या दिशेने येणारा सिग्नलही चौपट पकडतो. नुसत्या ऐकण्याची ताकद बघायची तर नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण बघा. तिथल्या एकेका डिशचा व्यास 45 मीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा मोजक्या वॅटचा सिग्नल या दुर्बिणीने पृथ्वीवरून टिपला होता!

पण अँटेना नवीन ऊर्जा तयार करत नाही. बाकीच्या दिशांची काढून एकीकडे वळवतो, इतकंच. राउटरच्या उभ्या दांडीचा सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो: चहूबाजूंना भरपूर, दांडीच्या डोक्यावर आणि पायाशी जवळपास काहीच नाही. डीबीआय वाढला की हा वडा आणखी चपटा होतो. म्हणून ऑनलाइन सेलमध्ये '12 डीबीआय' वाचून लगेच ऑर्डर टाकू नका. त्याने त्याच मजल्यावर रेंज वाढेल, पण वरच्या मजल्यावर कदाचित आधीपेक्षा कमी मिळेल. दुमजली घर असेल तर आधी एक दांडी उभी ठेवून दुसरी आडवी करून बघा. याला पैसे पडत नाहीत.