गायरानावर गावाचे रान : आधी चाऱ्याचे ठरवा, मग खड्डे खणा



उसाच्या पानात झाडांचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. पण आमचा अनुभव असा की, गटातल्या बैठका लागणीवर सुरू होतात आणि विहिरीच्या पाण्यावर येऊन थांबतात. विहिरीच्या वरच्या अंगाला काय असते? बहुतेक गावी गायरान असते, उतार असतो, आणि त्यावर कुसळी गवताशिवाय काही नसते. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. तोही चार-सहा जोरदार सरींत येतो आणि उघड्या मुरमावरून माती घेऊन ओढ्याला लागतो. २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळात उभा ऊस जनावरांपुढे टाकावा लागला, ते कोणी विसरलेले नाही. ते गायरान गावाने मिळून राखले तर काय होते आणि ते राखावे कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

झाडे लावण्याचे कार्यक्रम आपल्याकडे कमी झालेले नाहीत. सामाजिक वनीकरण विभाग राज्यात १९८२ साली निघाला. तेव्हापासून किती रोपे गावोगाव आली आणि गेली, ते जुन्या मंडळींना विचारा. खड्डा राहिला, रोप गेले. पाणी नव्हते हे अर्धे कारण. उरलेले अर्धे कारण चार पायांचे आहे. गायरान हे नावच मुळी चराईचे. तिथे एके दिवशी पाटी लावून 'चराई बंद' म्हटले, तर ज्याच्या घरी चार शेरडं आहेत आणि जमीन गुंठाभरही नाही, त्याने जावे कुठे? तो रात्री सोडणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, रोपांची मागणी नोंदवण्याच्या आधी ग्रामसभेत चाऱ्याचा हिशेब मांडावा. गावात शेळ्या किती, भाकड जनावरे किती, आणि त्यातली कोणाकोणाची फक्त गायरानावर जगतात. या हिशेबाला बायामाणसे हजर पाहिजेत. सरपण आणि गवत कुठून येते हे त्यांना ठाऊक असते, पुरुष मंडळी अंदाजाने बोलतात.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. तिथे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले आणि १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर चर खणले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पाहुण्यांना झाडी दिसते, पण तिथली खरी हुशारी गवतात आहे. जनावर आत सोडायचे नाही, मात्र ठरलेली रक्कम भरून विळ्याने गवत कापून न्यायचे. त्यामुळे बंदीच्या मोबदल्यात माणसाच्या हाती काहीतरी पडले. चारा वाढला तसे दूधही वाढले, आणि मग बंदी पाळायला पोलीस लागला नाही.

हिवरे बाजारने आणखी एक केले. ऊस आणि केळी यांसारखी जादा पाणी पिणारी पिके गावात बंद केली. कारखान्याच्या पानात हे छापणे जरा जड जाते, पण लपवून काय उपयोग? आमच्या मते, ज्याला ऊस ठेवायचा आहे त्याला ठिबक तर हवेच, पण वरच्या माळावर पाणी मुरवण्याची निकड इतरांपेक्षा दुप्पट आहे. कारण खर्च करणारे आपणच आहोत.

दुसरे गाव धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले बारीपाडा. आदिवासी पाडा, चैत्राम पवार यांचा पुढाकार, आणि १९९० नंतर गावाने मिळून राखलेले सुमारे अकराशे एकर जंगल. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तोड रोखण्याचे नियम आणि दंड गावाने स्वतः बसून ठरवले. शिवाय बुडखे जमिनीत जिवंत असले आणि वरून कुऱ्हाड व तोंड लागायचे थांबले, तर जंगल पुष्कळसे आपले आपण उठते. आपल्या गायरानातही पळस, बोर, बाभूळ, सीताफळ यांची मुळे आहेतच. दरसाल खुरटतात म्हणून झुडपे दिसतात. लावण्यापेक्षा राखणे स्वस्त, हे पैशाच्या हिशेबातही खरे आहे.

आता प्रत्यक्ष आखणी. समजा गायरान चाळीस एकर आहे. एकदम सगळे बंद करू नये. दहा-दहा एकरांचे चार तुकडे पाडावेत, पहिल्या सालात एकच बंद करावा, बाकी तीन चराईला मोकळे. बंद तुकड्यातले पहिल्या दिवाळीचे गवत शेळीवाल्यांना विळ्याने आधी कापू द्यावे, आणि तेही फुकट. मोठ्या बागायतदारांनी त्या साली गायरानावर हात टाकू नये. त्यांच्याकडे हंगामात उसाचे वाढे असते, बांधाचे गवत असते. उलट तोड चालू असताना आपल्या फडातले चार भारे वाढे गावातल्या भूमिहीनाला मिळतील एवढे पाहावे. पहिल्या तुकड्यातली झाडे जनावराच्या तोंडाच्या वर गेली की तो कापणीच्या गवतासाठी ठेवून दुसरा बंद करावा. याला आठ-दहा वर्षे लागतील. लागू द्या.

कामाची सुरुवात पावसाळ्यात नव्हे, पौष-माघात करावी. आधी शिवारफेरी, मग भूमी अभिलेखकडून मोजणी. उताराला आडवे, साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल असे सलग समतल चर वैशाखापर्यंत संपवावेत. असा शंभर मीटर चर एकदा भरला की अठरा हजार लिटर पाणी धरतो. मातीचा भराव खालच्या अंगाला टाकावा आणि त्यावर गवताचे बी पेरावे. मारवेल, पवना चांगले. स्टायलो हमाटा मिळाला तर जरूर. रोपे मृगाच्या पहिल्या सरीला लावण्याची घाई नको, जमीन हातभर भिजू द्यावी. श्रावणात नांगे भरावेत, जसे आपण उसात भरतो.

झाडे कोणती? कडुनिंब, करंज, बोर, खैर, हिवर, चिंच, आवळा, ओढ्याकाठी बांबू. दौलताबादच्या बाजूचे सीताफळ सर्वांना माहीत आहे. जनावर त्याला तोंड लावत नाही, म्हणून ते कडेने दाट लावावे, त्याच्या बाहेर घायपात. ऐंशीच्या दशकात सुबाभळीचे फार कौतुक झाले आणि १९८८ साली सिलिड कीड देशात आली तेव्हा सगळ्यांची तोंडे उतरली. एकाच जातीचे रान करू नये.

पाण्याची अडचण सगळेच सांगतात. पाच बाय पाच मीटरवर एकरी १६० रोपे, दहा एकरांत १६००. माघाच्या अखेरीपासून पावसापर्यंत पंधरवड्याला रोपामागे दहा लिटर म्हटले, तर एका पाळीला सोळा हजार लिटर, आणि आठ पाळ्यांचे एक लाख अठ्ठावीस हजार. आता उसाकडे पाहा. एक एकर उसाला तीन इंचाची एक पाळी दिली की तीन लाख लिटरच्या वर पाणी जाते. म्हणजे सबंध उन्हाळाभर १६०० झाडे जगवायला एका एकराच्या एका पाळीच्या निम्मेही पाणी लागत नाही. गावातल्या आठ विहिरीवाल्यांनी एकेक पाळी वाटून घेतली तर कोणाला कळणारसुद्धा नाही. हे दोन उन्हाळे करावे लागते.

पौषात गवत वाळले की भोवती तीन मीटर रुंद जाळरेषा काढावी. एका विडीने चार वर्षांचे काम जाते.

तोडीच्या टोळ्यांचाही विचार करावा लागेल. आपल्याच उसासाठी त्या दूरवरून येतात, कोप्या गायरानाच्या कडेला पडतात, आणि चुलीला बाभळीच्या फांद्या तुटतात. त्यांना चोर म्हणून मोकळे होता येत नाही. कोप्यांची जागा बंद तुकड्यापासून लांब ठरवावी, आणि ज्याच्या फडाची तोड त्याने सरपणाचा भारा पुरवावा, हे मुकादमाशी आधीच बोलून घ्यावे.

एक विषय नाजूक आहे. मराठवाड्यात गायरानाचे तुकडे कसून पोट भरणारी भूमिहीन कुटुंबे, बहुतेक दलित, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते याच प्रश्नावर. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले, पण भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने पट्टे दिलेल्या जमिनींसारख्या अपवादांना जागाही ठेवली. झाडांचे निमित्त करून त्या माणसांना उठवायचे आणि बड्यांच्या बांधाआड गेलेल्या गायरानाकडे काणाडोळा करायचा, असे जिथे होईल तिथे रान वाढणार नाही, भांडण वाढेल. मोजणीत दोन्ही निघतात. सुरुवात बड्यांच्या बांधापासून करावी.

ग्रामसभेच्या वहीत एवढे लिहून सह्या घ्याव्यात : कोणता तुकडा कधीपासून बंद, गवत कोणाला कोणत्या क्रमाने, वाळके सरपण आठवड्यातून कोणत्या दिवशी, दंड किती, राखणदाराचा पगार कशातून, आणि पुढे विरळणीचे लाकूड निघाले तर त्याचे काय. शेवटचा मुद्दा आज हास्यास्पद वाटतो. पण पहिले लाकूड निघते त्या दिवशीच मारामाऱ्या होतात, म्हणून आजच ठरवा. राखणदार शक्यतो शेळ्या पाळणाऱ्यांपैकीच नेमावा. त्याला सगळ्या वाटा माहीत असतात.

ज्या गावांचा ठराव आणि मोजणी झाली असेल, त्यांनी दोन्हींच्या प्रती माघ अखेरपर्यंत आपल्या गटकार्यालयात द्याव्यात. चराची आखणी करून द्यायला ऊस विकास विभागाची माणसे येतील. येताना आमच्याबरोबर गावातले दोन तरी शेळीवाले असावेत, एवढी अट आहे.